प्रयोगाचे शेत कोणाच्या हद्दीत? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून या वेळी आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा डोकावतो. ज्या भूमीवरून देशादेशांत वाद आहे, किंवा जी एखाद्या देशाने युद्धात ताब्यात घेतली आहे, तिथे जनतेच्या पैशातून संशोधन करता येते का, आणि येत असेल तर कोणत्या अटींवर, असे वाचक विचारतात. डाळिंब, सेन्सर, सीमाभाग, उत्खनन, नकाशे अशा वेगवेगळ्या वाटांनी ते या प्रश्नापाशी आले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी सोलापुरातील एका अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. डाळिंबावरील तेल्या रोगाविषयीच्या एका युरोपीय संशोधन प्रस्तावात आमचा गट सहभागी होत आहे. प्रस्तावाचे नेतृत्व जर्मनीतील एका विद्यापीठाकडे असून त्यात एक इस्रायली संस्थाही आहे. या संस्थेने चाचणीसाठी जॉर्डन खोऱ्यातील, म्हणजे वेस्ट बँकेतील, एक शेत सुचवले होते. ते वगळल्याशिवाय प्रस्ताव पुढे जाणार नाही, असे समन्वयकांनी कळवले. यावरून आमच्या विभागात दोन तट पडले आहेत. हे विज्ञानात घुसडलेले राजकारण आहे, की यामागे खरोखर काही कायदा आहे? (प्राध्यापिका, सोलापूर)

उत्तर : कायदा आहे, आणि त्याचे मूळ इस्रायलच्या स्थापनेपेक्षाही जुने आहे. १९०७ च्या हेग नियमावलीनुसार युद्धात ताब्यात आलेला प्रदेश ताबा घेणाऱ्याच्या मालकीचा होत नाही. ताबा घेणारा देश तिथला तात्पुरता कारभारी असतो आणि तिथल्या सरकारी जमिनी, जंगले व शेते त्याने मूळ ठेवा शाबूत राखूनच वापरायची असतात. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या कलम ४९ ने त्यात भर घातली, की अशा देशाने आपले नागरिक त्या प्रदेशात नेऊन वसवू नयेत. वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम, गाझा पट्टी आणि गोलान टेकड्या इस्रायलच्या ताब्यात आल्या त्या जून १९६७ च्या युद्धात. वेस्ट बँकेवर त्याआधी कोणाचेही सर्वमान्य सार्वभौमत्व नव्हते, त्यामुळे तो प्रदेश व्याप्त नसून वादग्रस्त आहे आणि तिथे हा करार लागूच होत नाही, अशी इस्रायलची भूमिका राहिली आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ९ जुलै २००४ च्या सल्लागार मतात ती स्वीकारली नाही. १९ जुलै २०२४ च्या मतात न्यायालय आणखी पुढे गेले: व्याप्त प्रदेशातील इस्रायलचे अस्तित्वच बेकायदेशीर आहे आणि ती परिस्थिती टिकवण्यास अन्य देशांनी साहाय्य करू नये, असे त्याने सांगितले. सल्लागार मत एखाद्या दाव्याच्या निकालासारखे बंधनकारक नसते, हे खरे. परंतु सुरक्षा परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये संमत केलेला ठराव क्रमांक २३३४ सुद्धा हेच सांगतो, की सर्व देशांनी आपल्या व्यवहारांत इस्रायलची भूमी आणि १९६७ पासून व्यापलेले प्रदेश यांत फरक करावा.

आपल्या समन्वयकांचा हात धरणारी गोष्ट मात्र इतकी उदात्त नाही. ती कार्यालयीन आहे. युरोपीय आयोगाने १९ जुलै २०१३ रोजी आपल्या राजपत्रात काही मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि १ जानेवारी २०१४ नंतरच्या निधीला त्या लागू केल्या. त्याला निमित्तही घडले होते. युरोपीय संशोधन निधीच्या २००७ ते २०१३ या काळातील सातव्या आराखडा कार्यक्रमात मृत समुद्राच्या काठी, वेस्ट बँकेतील मित्स्पे शालेम या इस्रायली वसाहतीत कारखाना असलेली एक सौंदर्यप्रसाधन कंपनी युरोपीय प्रकल्पांत भागीदार होती, आणि युरोपीय करदात्यांचा पैसा अशा ठिकाणी जावाच कसा, असा सवाल विचारला जात होता. नव्या सूचनांनी दोन स्वतंत्र कसोट्या घातल्या. पहिली संस्थेच्या नोंदणीकृत पत्त्याची: तो १९६७ पूर्वीच्या सीमांच्या आतच हवा. दुसरी कामाच्या जागेची: अनुदानातून होणारे काम व्याप्त प्रदेशात होता कामा नये. आपला प्रस्ताव पहिल्या कसोटीला उतरतो आणि दुसऱ्या कसोटीवर अडतो.

या अटींना बहिष्कार म्हणता येणार नाही. तीच इस्रायली संस्था तोच प्रयोग इस्रायलच्याच हद्दीतील नेगेव्हच्या वाळवंटात करणार असेल, तर तिला पूर्ण अनुदान मिळू शकते. संशोधक स्वतः कुठे राहतो, कोणत्या धर्माचा आहे, काय मते बाळगतो, हे कोणी विचारत नाही. व्यक्ती म्हणून अर्ज करणाऱ्याला या अटी लागूच नाहीत. इस्रायल २०१४ मध्ये ‘होरायझन २०२०’ या पुढच्या युरोपीय निधी कार्यक्रमात सामील झाला, तेव्हा या सूचनांविषयीचा मतभेद दोन्ही बाजूंनी लेखी नोंदवला आणि काम सुरू झाले. डिसेंबर २०२१ मध्ये त्याने त्यानंतरच्या ‘होरायझन युरोप’ कार्यक्रमाच्या करारावर सही केली, तेव्हाही ही प्रादेशिक अट कायम होती. युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये गाझातील परिस्थितीवरून इस्रायलचा याच कार्यक्रमातील सहभाग अंशतः स्थगित करण्याचा जो प्रस्ताव मांडला, तो वेगळ्या जातीचा आहे. त्याचा आधार मानवी हक्कांच्या आदराविषयीचे कलम हा आहे, प्रयोगाच्या जागेशी त्याचा संबंध नाही. आपल्या विभागातील चर्चेत या दोन गोष्टींची सरमिसळ झाली असण्याची शक्यता मला वाटते. राजकारण यात अजिबात नाही, असे मी म्हणणार नाही. कोणत्या भूमीला व्याप्त म्हणायचे, हेही शेवटी राजकारणातूनच ठरत आले आहे. पण ज्याने पैसा द्यायचा त्याने तो कुठे खर्च होऊ नये हे आधीच, लेखी आणि सर्वांना सारखे सांगितले असेल, तर संशोधकाची फसवणूक झाली असे म्हणता येत नाही.

या गडबडीत आपल्या बाजूचे दोन कागद मागे पडू नयेत. ‘होरायझन युरोप’मध्ये भारतीय संस्थांना निधी आपोआप मिळत नाही, हे एक. आणि मिळालाच, तर खासगी न्यासाच्या महाविद्यालयाला विदेशी अंशदान नियमन कायदा २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आहे का, हे पैसे येण्याआधी पाहावे लागते. दुसरे असे, की तेल्याचे जिवाणू परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचे असतील तर जैवविविधता कायदा २००२ आड येतो, कारण सूक्ष्मजीवही त्यातील जैविक संसाधनांत मोडतात. आपल्याच केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. चाचणीचे शेत तिथे किंवा त्यांच्या सल्ल्याने सांगोल्याकडे घेता आले, तर जॉर्डन खोऱ्याचा हट्ट धरायचे कारणही कदाचित उरणार नाही.

प्रश्न : चिंचोळी एमआयडीसीत आमचा जमिनीतील ओलावा मोजणारे सेन्सर बनवण्याचा छोटा कारखाना आहे. आम्ही ज्या इस्रायली कंपनीबरोबर संयुक्त संशोधन करू पाहतो, तिचे मुख्य कार्यालय तेल अवीवला आहे, पण तिचे एक जुळणी केंद्र वेस्ट बँकेतील वसाहतीच्या औद्योगिक क्षेत्रात आहे असे कळते. पुढे युरोपीय किंवा अमेरिकी निधीसाठी अर्ज केला, तर हे अडचणीचे ठरेल का? (उद्योजक, सोलापूर)

उत्तर : निधी कोणत्या स्वरूपाचा आहे, यावर ते अवलंबून आहे. युरोपीय अनुदान असेल तर मुख्य कार्यालयाचा पत्ता आणि अनुदानातून होणारे काम, एवढेच पाहिले जाते. आपल्या प्रकल्पाशी संबंध नसलेले जुळणी केंद्र वसाहतीत असले तरी केवळ तेवढ्यावरून अनुदान नाकारले जात नाही. कर्ज, हमी किंवा भागभांडवल अशा वित्तीय साधनांसाठी मात्र कसोटी कडक आहे. तिथे त्या कंपनीचा व्याप्त प्रदेशातील कोणताही व्यवहार, मग तो या प्रकल्पाचा असो वा नसो, तिला अपात्र ठरवतो. कारण उघड आहे: अनुदानातील पैसा कुठल्या बिलावर गेला हे दाखवता येते, कर्जाऊ पैसा कंपनीच्या तिजोरीत एकदा मिसळला की तो वेगळा काढता येत नाही. हा फरक मला तर्कशुद्ध वाटतो, जरी त्यातून एक विचित्र गोष्ट निघते, की जे केंद्र कर्ज रोखते तेच केंद्र फुकट मिळणारे अनुदान रोखत नाही.

पत्त्याच्या बाबतीत युरोपीय सूचनांमधला बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. नोंदणीकृत पत्ता प्रत्यक्ष जागेशी जुळणारा, नेमका टपाली पत्ता असला पाहिजे. पोस्टाची पेटी चालत नाही. शिवाय आपण अटी पाळतो आहोत अशी स्वयंघोषणा अर्जदार इस्रायली संस्थेला सही करून द्यावी लागते आणि ती खोटी निघाली तर अनुदान परत मागणे, पुढील निधीतून वगळणे अशी कारवाई होऊ शकते. ही घोषणा आपल्याला द्यावी लागत नाही. पण भागीदाराने ती दिली आहे का आणि तिची प्रत आपल्या फाइलला आहे का, हे आपण विचारले पाहिजे. संयुक्त प्रकल्प मध्येच बंद पडला, की पगार थकतात ते चिंचोळीत.

अमेरिकेची कथा निराळी आहे आणि सावध करणारी आहे. अमेरिका व इस्रायल यांनी सत्तरच्या दशकात उभारलेल्या तीन संयुक्त निधींच्या करारांत, म्हणजे १९७२ चा द्विराष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान आणि १९७७ चे औद्योगिक व कृषी संशोधन निधी यांच्यात, ५ जून १९६७ नंतर इस्रायलच्या प्रशासनाखाली आलेल्या भागांत प्रकल्प करता येणार नाही असे म्हटले होते. म्हणजे युरोपच्या कितीतरी आधी वॉशिंग्टनने हीच रेघ ओढली होती. ट्रम्प प्रशासनाने २८ ऑक्टोबर २०२० रोजी ती पुसली, आणि त्या दुरुस्तीवर सह्या करण्याचा समारंभ मुद्दाम वेस्ट बँकेतील एरियल विद्यापीठात ठेवला. बायडेन प्रशासनाने जून २०२३ मध्ये आपल्या खात्यांना पुन्हा उलट सूचना दिल्या. वॉशिंग्टनमधील सरकार बदलले की असा नियम बदलू शकतो, हे गृहीत धरूनच आपण करार करावा. संशोधनाचे काम कोणत्या गावात, कोणत्या इमारतीत होणार हे करारातच लिहून घ्यावे. भागीदाराने जागा बदलायची ठरवल्यास आपली लेखी संमती लागेल अशी तरतूद करावी. आणि सेन्सरचा लष्करी उपयोग होण्याजोगा एखादा भाग आपल्याकडून बाहेर जाणार असेल, तर आपल्या विदेश व्यापार कायद्याखालील स्कोमेट यादीही, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाची यादी, चाळून पाहावी.

प्रश्न : आम्ही अक्कलकोटचे. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातील सीमाभाग हाही वादग्रस्त प्रदेशच आहे. मग आमच्या विद्यापीठाने बेळगावच्या खेड्यांत भाषाविषयक पाहणी केली, किंवा कर्नाटकातील विद्यापीठाने अक्कलकोटला येऊन केली, तर अशाच अटी लागू होतात का? (संशोधक विद्यार्थी, अक्कलकोट)

उत्तर : होत नाहीत. व्याप्त प्रदेशाचा कायदा दोन सार्वभौम देशांमधील, किंवा एक देश आणि सार्वभौमत्व हिरावलेली जनता यांच्यामधील परिस्थितीसाठी आहे. बेळगाव असो की अक्कलकोट, दोन्हींवर सार्वभौमत्व भारताचेच आहे आणि तिथल्या माणसाचे मूलभूत हक्क सारखेच आहेत. वाद आहे तो राज्याच्या प्रशासनाचा. महाराष्ट्राने २००४ मध्ये राज्यघटनेच्या कलम १३१ खाली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी सोलापूर व अक्कलकोटवर हक्क सांगितला तेव्हा आपल्याकडे काय वातावरण झाले होते, हे आपल्याला मी सांगायला नको. केंद्रीय संस्थांच्या संशोधन अनुदानाला मात्र राज्याच्या सीमेची अट नसते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ ने प्रत्येक विद्यापीठाला जिल्हे वाटून दिले आहेत ते महाविद्यालयांच्या संलग्नतेसाठी. संशोधकाने कुठे जाऊन प्रश्नावली भरून घ्यावी, यावर त्याने कुंपण घातलेले नाही.

राज्याचा पैसा सीमा ओलांडू लागला, की मात्र राजकीय आक्षेप येतात. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये कर्नाटकातील ८६५ सीमावर्ती गावांतील मराठी भाषकांना आपली आरोग्य विमा योजना लागू करायचे ठरवले, तेव्हा कर्नाटक सरकारने त्याला जाहीर विरोध केला. विमा ही कल्याणकारी गोष्ट. तरीही तिच्यामागे दावा दडला आहे असे समोरच्याला वाटले. वेस्ट बँकेतील अटींमागेही हीच भीती आहे, की सरकारी पैशाची पावती उद्या मालकीचा पुरावा म्हणून पुढे केली जाईल. कायदा वेगळा असला तरी ही भीती आपल्या ओळखीची आहे.

म्हणून कायद्याची अट नसली, तरी नैतिक जबाबदारी आपल्यावर आहे. भाषिक पाहणीत मातृभाषेचा रकाना असतोच. सीमाभागातील माणूस तो रकाना भरताना शेजाऱ्याला आणि गावच्या पुढाऱ्याला काय वाटेल, रेशनकार्डाचे काय होईल, याचा विचार करून उत्तर देतो. आणि त्याचे उत्तर उद्या एखाद्या प्रतिज्ञापत्राला जोडले जाऊ शकते. प्रश्नावली मराठी आणि कन्नड दोन्हींत असावी, पाहणी करणाऱ्यांत दोन्ही भाषा बोलणारे असावेत, गावाचे नाव आणि वॉर्ड यांची सांगड घालून व्यक्ती ओळखू येईल असा तक्ता छापू नये, आणि माहिती कोणत्याही सरकारला कच्च्या स्वरूपात देणार नाही हे संमतीपत्रात लिहावे. असे वचन दिले, की ते पाळावे लागते. विभागप्रमुखांना तशी कल्पना आधीच द्यावी.

प्रश्न : माझी मुलगी पुरातत्त्वशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. तिला वेस्ट बँकेतील एका उत्खननावर उन्हाळी शिबिरासाठी बोलावणे आले आहे, आणि खर्च सरकारी शिष्यवृत्तीतून होणार आहे. तिच्या मैत्रिणीला उत्तर सायप्रसमधील विद्यापीठात पीएच.डी. करायची आहे. कायद्याने बंदी नसली, तर नुसत्या नैतिकतेच्या प्रश्नावरून अशी संधी सोडावी का? (पालक, बार्शी)

उत्तर : आपण कायदा आणि नैतिकता यांची वाटणी जितकी सरळ केली आहे, तितकी ती उत्खननात राहत नाही. १९५६ मध्ये युनेस्कोची सर्वसाधारण परिषद नवी दिल्लीत भरली होती. तिथेच पुरातत्त्वीय उत्खननाविषयीची शिफारस संमत झाली आणि त्या शिफारशीत स्पष्ट म्हटले आहे, की दुसऱ्याचा प्रदेश व्यापणाऱ्या देशाने तिथे उत्खनन करण्यापासून दूर राहावे, आणि बांधकामात किंवा लष्करी कामात योगायोगाने काही सापडलेच तर ते जपून ठेवून युद्ध संपताच नोंदींसह परत करावे. सांस्कृतिक वारशाविषयीच्या हेग कराराच्या १९९९ च्या दुसऱ्या पूरक कराराने हे आणखी घट्ट केले: वारसा वाचवण्यासाठी, त्याची नोंद करण्यासाठी अगदी निकडीचे असेल तेवढेच उत्खनन, आणि तेही शक्यतो त्या प्रदेशाच्या अधिकृत यंत्रणेच्या निकट सहकार्याने. इस्रायलने हा पूरक करार स्वीकारलेला नाही, म्हणून त्याचे बंधन त्याच्यावर थेट येत नाही. मात्र पुरातत्त्वज्ञांमध्ये हे निकष व्यावसायिक आचार म्हणून मानले जातात.

आपल्या मुलीने शिबिराच्या आयोजकांना काही साधे प्रश्न विचारावेत. उत्खननाचा परवाना कोणी दिला? सापडलेल्या वस्तू कोणत्या गावी, कोणत्या संग्रहात जाणार? पॅलेस्टिनी पुरातत्त्व विभागाला याची माहिती आहे का? ज्याच्या शेतात खड्डे पडणार आहेत, त्या शेतकऱ्याची परवानगी घेतली आहे का? वारसा वाचवण्याची निकड आहे, की नियमित हंगामी खोदकाम आहे? उत्खनन ही न परतवता येणारी कृती आहे. एकदा काढलेला थर पुन्हा जागेवर घालता येत नाही, आणि खापराचा तुकडा कोणत्या थरात, कोणत्या खोलीवर सापडला याची वही ज्याच्या हाती असते, त्याच्याच हाती त्या गावाचा इतिहास सांगण्याचे साधन जाते. ही उत्तरे नीट मिळाली नाहीत, तर मी मुलीला जा असे सांगणार नाही. शिष्यवृत्तीचा पैसा तिचा खासगी नाही, आणि भावी नोकरीच्या मुलाखतीत हे शिबिर तिच्या कागदांवर राहणार आहे.

उत्तर सायप्रसचे प्रकरण निराळे आहे. १९७४ पासून तो भाग तुर्की सैन्याच्या ताब्यात आहे, १९८३ मध्ये तिथे जाहीर झालेल्या ‘प्रजासत्ताका’ला तुर्कस्तानशिवाय कोणी मान्यता दिलेली नाही, आणि सुरक्षा परिषदेने त्याच वर्षी ठराव क्रमांक ५४१ ने ती घोषणा कायदेशीरदृष्ट्या निरर्थक ठरवली. मैत्रिणीने म्हणूनच आधी भारतात ती पदवी समकक्ष मानली जाईल का, हे लेखी विचारून घ्यावे. नैतिकतेचा प्रश्न त्यानंतर येईल. पण मान्यता नाकारणे म्हणजे तिथल्या माणसांकडे पाठ फिरवणे नव्हे, आणि हे युरोपीय महासंघाने तिथेच दाखवले आहे: २००६ च्या एका नियमाखाली तो तुर्की सायप्रियट समाजाला साहाय्य देतो आणि त्यातून तिथल्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्याही मिळतात. सायप्रसमध्येच बेपत्ता व्यक्तींची एक समिती १९८१ पासून आहे, तिच्या खर्चाचा मोठा वाटा युरोपीय महासंघ उचलतो. निकोसियाच्या बंद पडलेल्या जुन्या विमानतळाजवळ, संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षित पट्ट्यात, तिची प्रयोगशाळा आहे. तिथे ग्रीक आणि तुर्की सायप्रियट मानववंशशास्त्रज्ञ एकाच टेबलावर हाडे मांडून सांगाडे जुळवतात, डीएनए चाचणीने ओळख पटवतात आणि अवशेष कुटुंबांच्या हाती देतात. बेटाच्या मालकीचा निकाल लागण्याची वाट त्यांनी पाहिलेली नाही. २०१३ च्या युरोपीय सूचनांतही अशा कामाला जागा ठेवलेली आहे: व्याप्त प्रदेशात राहणाऱ्या संरक्षित लोकांच्या हितासाठी किंवा शांतता प्रक्रियेसाठी असलेल्या कामांना जागेची अट लागत नाही.

संमतीचा मुद्दा मात्र यापेक्षा अवघड आहे, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. युरोपीय न्यायालयाने मोरोक्कोच्या ताब्यातील पश्चिम सहारामधील मासेमारी आणि शेतमालाच्या करारांविषयी ४ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलेल्या निकालांत म्हटले, की त्या प्रदेशाच्या जनतेची संमती लागते, आणि सध्या तिथे राहणाऱ्या लोकसंख्येचा सल्ला घेतला म्हणजे जनतेची संमती झाली असे होत नाही. मूळ जनतेतील पुष्कळ माणसे तर निर्वासित छावण्यांत आहेत. संशोधनालाही हा विचार लावून पाहावा. लष्करी चौकीतून जाण्यासाठी ज्याला रोज परवाना लागतो, त्याने परवान्याच्याच अधिकाऱ्याबरोबर आलेल्या संशोधकाला रक्ताचा नमुना दिला, तर त्या सहीला संमती म्हणावे का? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दुर्बल गटांसाठी जास्तीचे संरक्षण सांगितले आहे. आपल्या संस्थेच्या नीतिमत्ता समितीने हा प्रश्न त्या तरतुदीखाली तपासावा. कायद्याने चालणारा प्रत्येक प्रकल्प या कसोटीवर टिकेलच असे नाही, आणि कायद्याने अडलेला एखादा प्रकल्प इथे निर्दोषही निघेल.

प्रश्न : अंटार्क्टिकावरही अनेक देश हक्क सांगतात. मग भारत सरकारच्या पैशाने तिथे संशोधन कसे चालते? (निवृत्त शिक्षक, मंगळवेढा)

उत्तर : १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टनमध्ये सही झालेल्या आणि १९६१ पासून लागू असलेल्या अंटार्क्टिक करारामुळे. अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, चिली, फ्रान्स, न्यूझीलंड, नॉर्वे आणि ब्रिटन या सात देशांचे दावे कराराच्या कलम ४ ने गोठवले: करार असेपर्यंत तिथे केलेल्या कोणत्याही कामाने कोणाचा दावा बळकट होत नाही आणि कोणाचा दुबळाही होत नाही. वेस्ट बँकेत जी गोष्ट निधीच्या अर्जातील अटीने साधावी लागते, ती इथे करारानेच साधली आहे. म्हणूनच १९८३ मध्ये करारात सामील झालेल्या भारताला आपले ‘मैत्री’ केंद्र नॉर्वेच्या दाव्यातील भागात आणि २०१२ मधील ‘भारती’ केंद्र ऑस्ट्रेलियाच्या दाव्यातील भागात बांधता आले, त्यासाठी ऑस्लो किंवा कॅनबेराचे सार्वभौमत्व मान्य करावे लागले नाही. उलट अट आहे ती माहिती खुली ठेवण्याची, एकमेकांची केंद्रे तपासू देण्याची आणि लष्करी काम न करण्याची. भारताने २०२२ मध्ये स्वतःचा अंटार्क्टिक कायदाही केला. आता भारतीय मोहिमेला जाण्यासाठी त्याखाली परवाना लागतो. आपल्याकडील एखाद्या विद्यार्थ्याला जायचे असेल, तर त्याने गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या प्रस्ताव मागवणाऱ्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

प्रश्न : भूगोलावरील आमच्या लेखात परदेशी सहलेखकाने जम्मू-काश्मीर तुटक रेषेने दाखवलेला भारताचा नकाशा घातला आहे. आम्ही काय करावे? (सहायक प्राध्यापक, पंढरपूर)

उत्तर : तो नकाशा आपल्या नावाने प्रसिद्ध होऊ देऊ नये. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाखाली गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नकाशांतील हद्दींच्या दाव्यांबाबत आपण तटस्थ आहोत, असे निवेदन मोठे परदेशी प्रकाशक लेखाखाली छापतात. त्याने प्रकाशकाचे रक्षण होते, पंढरपुरातील लेखकाचे होत नाही. आपला अभ्यास भीमेच्या खोऱ्यापुरता असेल, तर कोपऱ्यातील भारताचा छोटा नकाशा काढून टाकून उजनीच्या पाणलोटाचा नकाशा अक्षांश-रेखांशांसह द्यावा. देशाचा नकाशा दाखवणे आवश्यकच असेल, तर सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरील हद्दीची फाइल वापरावी आणि तसे नकाशाखाली नमूद करावे. सहलेखकाला हे लेख पाठवण्यापूर्वी कळवावे. मुद्रिते हाती आल्यावर नकाशा बदलायला संपादक सहसा तयार होत नाहीत.